माहेरच्या नावाचे शेअर

आमच्या घरात एका कंपनीची मालकीण राहत होती आणि तिला स्वतःला ते फारसं माहीत नव्हतं. ती म्हणजे माझी आई. तिच्या लग्नात तिच्या वडिलांनी सोन्याच्या पाटल्यांऐवजी कंपनीचे शेअर दिले होते. "पाटल्या झिजतात, कंपनी वाढते," असं आजोबा म्हणाले होते म्हणे. आईने ते कागद लुगड्याच्या घडीत ठेवले आणि पाटल्या न मिळाल्याचं दुःख पुढे बरीच वर्षं जपलं.

कंपनी जबलपूरचीच, पनागरच्या रस्त्यावर. इथल्या मराठी मंडळींनी पैसे घालून उभी केलेली, म्हणून सगळे तिला 'आपली कंपनी' म्हणायचे. तिथे लाकडी पेट्या बनत. आधी साबणाच्या, चहाच्या, आणि बासष्टच्या युद्धानंतर दारूगोळ्याच्या. गोळे सरकारी कारखान्यात तयार होत आणि ते ज्या पेट्यांत बसून सीमेवर जात, त्यातल्या काही आमच्याकडून जात. शहरातले निम्मे मराठी पुरुष सरकारी कारखान्यांत, उरलेले रेल्वेत किंवा कचेऱ्यांत. सरकारी नोकराने शेअर घ्यायचे तर वर कळवा, परवानगी मागा, नसत्या भानगडी. त्यामुळे शेअर बायकांच्या नावावर असायचे, आणि त्यातले बरेच आईसारखे माहेरहून आलेले. म्हणजे कागदोपत्री कंपनी बरीचशी बायकांची होती. चालवत होते डायरेक्टरसाहेब.

मला तो माणूस आधीपासूनच आवडत नव्हता. हे मागाहून सुचलेलं शहाणपण नव्हे. बोलताना तो समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि काढायचाच नाही. सगळ्यांची मुलंबाळं, दुखणीखुपणी त्याला पाठ होती. लोक म्हणायचे, किती आपुलकीचा माणूस! मी तेव्हा कॉलेजात होते आणि जिभेला हाड नव्हतं. मी म्हणायचे, खाटीकही बकऱ्याच्या पाठीवरून हात फिरवतो.

दर वर्षी महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवाला त्याच्या बंगल्यावर सगळ्या भागधारक बायकांना बोलावणं असे. आमच्याकडे गौरींना महालक्ष्म्याच म्हणतात. डायरेक्टरीणबाई स्वतः ओटी भरत, अत्तर लावत, आणि मग एक छापील कागद पुढे करत. "सही करा गं पटकन, आरती व्हायची आहे." तो कागद म्हणजे प्रॉक्सी. कंपनीच्या वार्षिक सभेत माझं मत माझ्या वतीने साहेबांनी द्यावं, असा त्याचा अर्थ. बायका बोटावरचं कुंकू पदराला पुसून सही करत आणि प्रसाद घेऊन घरी येत. सभा पुढे कधी झाली, तिथे काय ठरलं, हे कोणी विचारत नसे. कंपनीचा माणूस डिव्हिडंडचे रोख पैसे घरी देऊन गेला की वर्षभराचा प्रश्न सुटला.

आईलाही हे असंच चाललं असतं. पण माझा मोठा भाऊ, दादा, पॉलिटेक्निक करून त्याच कंपनीत लागला, आणि त्याला बॉयलरवर नेमलं.

बॉयलरचं काम तिथे काय, ते सांगते. मंडल्याच्या जंगलातून येणारं लाकूड ओलं असतं. ओल्या लाकडाची पेटी केली तर ती फाकते, आणि आतल्या गोळ्याला गंज चढतो. म्हणून एका बंद खोलीत वाफेच्या नळ्यांवर लाकूड सुकवायचं. नीट सुकायला आठवडे लागतात. पासष्टच्या सुरुवातीपासून सीमा पुन्हा पेटू लागली होती, तेवढी सवड कोणाला नव्हती. वाफ वाढवा, लवकर सुकवा, असा तगादा सुरू झाला. बॉयलर मात्र इंग्रजांच्या वेळचा, कोणत्याशा बंद पडलेल्या गिरणीतून आणलेला. तपासायला येणाऱ्याने सांगून ठेवलं होतं की याला आता कमी दाबावरच चालवा आणि लवकरात लवकर बदला. बॉयलरवर एक झडप असते. आतला दाब फार झाला की ती आपोआप उघडते आणि वाफ बाहेर सोडते. त्या झडपेच्या दांडीवर साहेबांनी जास्तीचं वजन टांगायला लावलं, म्हणजे ती उघडूच नये.

दादाने हे जेवताना सांगितलं तेव्हा आईचा हात वरणाच्या पातेल्यातच थांबला.

"मग तू काहून राहतोस तिथं? सोड ना."

"मी सोडलं तर भट्टीत कोळसा टाकणाऱ्या खलाशाला बसवतील त्या जागी," दादा म्हणाला. "त्याला तर दाबाचा काटाही वाचता येत नाही. साहेब दौऱ्यावर गेले की मी वजन काढून ठेवतो. आले की परत टांगायला लावतात."

"युद्ध तोंडावर आहे," बाबा म्हणाले. ते सरकारी कारखान्यात होते आणि हुकूम हा शब्द त्यांच्या तोंडात सुपारीसारखा असायचा. "वरून हुकूम आला की करायचं असतं. काहून, कशाला, हे विचारत बसायचं नसतं."

दादा हसला. त्याला बाबांचा राग येत नसे, मला यायचा. त्या दिवसांत तो अंगाला वाफेचा वास घेऊन घरी यायचा, आणि झोपेतही मधेच उठून बसायचा, काहीतरी ऐकू येतंय का ते बघत. विचारलं तर म्हणायचा, "काही नाही, शिट्टी वाजल्यासारखी वाटली." आई ते ऐकायची आणि मला म्हणायची, याची दृष्ट काढली पाहिजे. दृष्ट काढूनही झाली. मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणजे दृष्ट जबर होती, असं तिने ठरवलं.

आमच्या शेजारी एक वकीलकाका राहत. कोर्टातून निवृत्त झालेले, पण वाद घालण्यातून नव्हे. संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर यायचे आणि बाबांशी त्यांची जुंपायची. वकीलकाकांचं म्हणणं, कंपनी भागधारकांची, डायरेक्टर हा आपण ठेवलेला कारभारी. कारभारी माजला की मालकाने कान धरायचा.

बाबा म्हणायचे, "अच्छा, म्हणजे बॉयलर कसा चालवायचा ते हळदीकुंकवाला आलेल्या बायका ठरवणार? मग तोफा कशा ओतायच्या तेही मतं घेऊन ठरवा. जहाजाला एकच कप्तान पाहिजे."

"कप्तान जहाज बुडवून राहिला असेल तर?"

यावर दादा जे बोलला ते मला अजून आठवतं, कारण तो सहसा या वादात पडत नसे. "काका, तुम्ही मालक मालक करता. पण मालकांच्या हातात दिलं तरी ते काय मागतील? डिव्हिडंड. बॉयलर बघायला कोणता मालक आला आजवर? वजन टांगलेल्या झडपेखाली मी उभा, खलाशी उभा. आम्हाला ना शेअर, ना मत."

  मालकांना अधिकार द्यावा की कारभाऱ्यांना, यावर मी पुढे पुष्कळ शहाण्यांना तावातावाने बोलताना ऐकलं. त्यातला एकही बॉयलरपाशी उभा राहिलेला नव्हता.

आई मात्र तिथेच अंबाडी निवडत बसली होती. तिने विचारलं, "आम्ही सगळ्याजणींनी ठरवलं तर नवा बॉयलर येईल का?"

वकीलकाकांनी समजावून सांगितलं. बॉयलर घ्या असा हुकूम भागधारक देऊ शकत नाहीत, तो डायरेक्टरांचा प्रांत. भागधारकांच्या हातात दोनच गोष्टी. एक, डिव्हिडंडचा ठराव पाडायचा, म्हणजे पैसा कंपनीतच राहील. दोन, साहेबांची मुदत यंदा संपतेय, त्यांना पुन्हा निवडून द्यायचं नाही. आणि त्यासाठी प्रॉक्सीवर सही न करता सभेला स्वतः जायचं.

"कंपनी कोणाची का असेना," आई म्हणाली, "पोरगा माझा आहे." आणि दुसऱ्या दिवसापासून ती पायांत चपला अडकवून घरोघर फिरू लागली. मी तिच्याबरोबर असे. आई कोणाकडे काही मागायला गेलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. ती दारात उभी राहून आधी पदर सारखा करायची, मग एकदम बोलायला लागायची, मधे श्वासही न घेता.

काहीजणी लगेच हो म्हणाल्या. काहीजणी 'ह्यांना विचारते' म्हणाल्या, म्हणजे नाहीच. रेल्वे क्वार्टर्समधल्या एका काकूंनी चहा दिला, आणि मग सरळ सांगितलं, "तुझा मुलगा तिथं आहे म्हणून तू बोलून राहिली. माझी मुलगी घरात आहे, पुढच्या साली उजवायची आहे. डिव्हिडंड नाही घेतला तर मी काय विकू?" मला भयंकर राग आला. आई म्हणाली, "बरोबर आहे बाई तुझं," आणि चहा संपवून उठली. रस्त्यात मी तणतणत होते. आई म्हणाली, "तिच्या जागी मी असते तर मीही हेच बोलले असते." तरी जमता जमता बऱ्याच जमल्या. त्या वर्षी महालक्ष्म्यांना डायरेक्टरीणबाईंनी कागद पुढे केला तेव्हा आईने ओटी घेतली, अत्तर लावून घेतलं आणि म्हणाली, "यंदा आम्ही स्वतः येऊ."  डायरेक्टरीणबाई हसल्या. "या ना, या. आपलीच कंपनी."

 त्यांना धक्का बसायला हवा होता, तो बसलाच नव्हता.

सभा झाली तेव्हा पासष्टचं युद्ध ऐन भरात होतं. शाळेच्या हॉलात सभा. ब्लॅकआउटसाठी खिडक्यांच्या काचांना काळे कागद चिकटवलेले, त्यामुळे भरदुपारी दिवे लावावे लागले होते. दूर चाचणी मैदानावर तोफा वाजत होत्या. जबलपुरात तो आवाज रोजचाच. तयार झालेली तोफ आणि गोळे इथेच डागून बघतात. तोफ वाजली की पाहुणे दचकत, आम्ही कूस बदलत नसू. त्या दिवशी मात्र प्रत्येक आवाजासरशी खिडक्यांचे काळे कागद थरथरताना मी बघत होते.

बायका नऊवारी, सहावारी, ठेवणीतल्या नेसून पुढच्या रांगांत बसल्या. पुरुष भागधारक थोडे, ते मागे. बाबा दारात उभे. मी बाकांच्या कडेला. सेक्रेटरीने वही उघडली आणि भागधारकांची नावं पुकारायला सुरुवात केली.

पहिलं नाव पुकारलं, कोणी उठलं नाही. दुसरं, तिसरं, तेच. कुणातरी मुलींची नावं होती ती, परकऱ्या वयातल्या. त्या नावांचं त्या हॉलात कुणीच दिसत नव्हतं. आई इकडेतिकडे बघत होती, कोण गैरहजर राहिलं म्हणून. मग एक नाव आलं आणि तीही तशीच बघत राहिली. तिला कळायला क्षणभर वेळ लागला की हे आपलंच.

आमच्यात लग्न झालं की मुलीचं नुसतं आडनाव बदलत नाही. नवरदेव ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहितो आणि त्या दिवसापासून जुन्या नावाने कोणी हाक मारत नाही. आजोबांनी शेअर घेतले ते लग्नाआधी, मुलीच्या तेव्हाच्या नावाने. बहुतेक सगळ्यांच्या वडिलांनी तसंच केलं होतं. पुढे ते बदलून घ्यायचं कोणाच्याच मनात आलं नाही. हळदीकुंकवाच्या कागदांवर बायकांनी दर वर्षी सासरच्या नावाने सही केली, आणि दर वर्षी ती चालली.

"मीच ती," आई उठून म्हणाली. "ते माझं नाव आहे."

डायरेक्टरसाहेब खुर्चीवरून उठले. आवाजात साखर. "ताई, मला का माहीत नाही तुम्ही कोण ते? तुमच्या वडिलांच्या मांडीवर वाढलो मी. पण मला माहीत असून काय उपयोग? वहीला माहीत नाही. उद्या कोणीही बाई उठून म्हणेल, मीच ती."

वकीलकाका मागून ओरडले, "मग इतकी वर्षं यांच्याच सह्यांवर निवडून कसे आलात?"

"कोणी हरकत घेतली नव्हती."

"आणि आज कोणी घेतली?"

"मी घेतो," साहेब म्हणाले. अध्यक्ष म्हणून त्यांनीच हरकत मान्य केली, आणि माहेरच्या नावांवरची सगळी मतं बाद ठरली.

पुढे जे झालं ते आटोपायला वेळ लागला नाही. साहेब भाषणाला उभे राहिले. सीमेवर आपले जवान रक्त सांडून राहिले आणि इथे आपण एका बॉयलरवरून भांडून राहिलो, असं ते म्हणाले. रुमाल काढून त्यांनी डोळे टिपले. टाळ्या झाल्या. दारातून बाबांनीही वाजवल्या. डिव्हिडंड मंजूर झाला, साहेब निवडून आले. आईने दोन्ही वेळा विरोधात हात वर केला, आणि मोजणारा कारकून तिच्या हातापलीकडे बघत पुढे गेला. हात मात्र ती लवकर खाली घेईना. मी जाऊन तिला खाली बसवलं. मला रडू फुटत होतं, अपमानाचं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती भीती होती. कंपनीचं काय होईल याची नव्हे. त्याच वेळी दादा तिथे, त्या झडपेखाली होता.

घरी येताना बाबा म्हणाले, "कायदा म्हणजे कायदा." आई त्यांच्याशी पुढे बरेच दिवस कामापुरतंच बोलली.

वकीलकाकांनी हार मानली नाही. नाव बदलल्याची प्रतिज्ञापत्रं करायची, लग्नपत्रिका जोडायच्या, पुढच्या सभेच्या आत सगळ्यांची नावं दुरुस्त करून घ्यायची, असं ठरलं. कोर्टाच्या सुट्ट्या, साक्षीदार, शिक्के यात दिवस जात राहिले. युद्ध थांबलं, पण पेट्यांची मागणी उलट वाढली. रिकामे झालेले साठे भरायचे होते. दादा घरी कमी बोलू लागला. साहेब आता दौऱ्यावर जात नव्हते.

एकदा आईने त्याची वाट अडवली. "आज नको जाऊ. ताप आला म्हणून कळव."

"आई, आज नाही गेलो तर उद्या जावं लागेल. चलो, जाऊ दे." तिच्या हाताखालून वाकून तो निघून गेला. त्या दिवशी काहीच झालं नाही. संध्याकाळी तो धडधाकट परत आला आणि आईला चिडवत राहिला, दाखव कुठे आहे तुझी पनवती? आम्ही सगळे हसलो. भीतीची हीच वाईट खोड आहे, ती एकदा खोटी ठरली की आपण तिला दारातून हाकलून देतो.

दिवाळी होऊन गेली. उन्हं कोवळी झाली. आई आणि मी अंगणात गाद्या वाळत घालत होतो आणि मोठा आवाज झाला. शेजारच्या अंगणात कुणी मानही वर केली नाही. आईने गादी उलटी केली, धोपटली आणि म्हणाली, "आज मोठी तोफ चालवून राहिले." मी म्हटलं, "हो ना." आणि दुसरी गादी आणायला आत गेले.

मग सायकलवरून कंपनीतला एक माणूस आला. त्याच्या सदऱ्यावर ओली राख होती. "अम्मा," तो म्हणाला, "आप चलिए. भैया..."  आईच्या हातात धोपाटणं तसंच होतं. ती ते घेऊनच रस्त्यावर निघाली.

दादा आणि खलाशी, दोघेही जागच्या जागी गेले. दादाला नर्मदेवर ग्वारीघाटाला नेलं तेव्हा बाबांना दोघांनी धरलं होतं. साहेबही आले होते. त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला नाही. मी बघत होते. कुणी तरी तो हात काढावा असं मला वाटत होतं. कुणीच काढला नाही.

चौकशी झाली. बॉयलर जुना होता, असं त्यात आलं. वजनाबद्दल, ते ड्यूटीवरच्या माणसांनी टांगलं असावं, असं आलं. ड्यूटीवरची माणसं दोन होती आणि दोन्ही उत्तर द्यायला नव्हती. कंपनीला नवा बॉयलर मिळाला, सरकारी कर्जातून, लगेच. दादाच्या जागी नवा माणूस आला. डिव्हिडंडला धक्का लागला नाही, रेल्वे क्वार्टर्समधल्या काकूंच्या मुलीचं लग्न झालं, आणि त्या काकू आईच्या गळ्यात पडून जितक्या रडल्या तितकं सख्ख्या बहिणीही रडल्या नसतील. आईचं प्रतिज्ञापत्र कंपनीने एका खेपेत मान्य केलं. काही विचारलं नाही. वहीत आता तिचं सासरचं नाव लागलं होतं.

पुढच्या सभेला ती जाईल असं कोणाला वाटलं नव्हतं. बाबा नको म्हणाले. ती पांढऱ्या काठाचं पातळ नेसली आणि निघाली. मी बरोबर गेले, तिला काही झालं तर सावरायला. हॉलच्या खिडक्यांचे काळे कागद आता काढलेले होते, भरपूर उजेड होता. सेक्रेटरीने तिचं नाव पुकारलं. "हजर," ती म्हणाली.

पहिलाच ठराव दुखवट्याचा होता. साहेबांनी स्वतः मांडला. आपल्या परिवारातले दोन मोहरे कर्तव्यावर असताना हरपले, ही सभा तीव्र शोक व्यक्त करते, वगैरे. सगळे एक मिनिट उभे राहिले. आई बसून राहिली. लोकांना वाटलं, तिच्यात त्राण नाहीत. मलाही तेच वाटलं. मी तिच्या खांद्याला हात लावला, तो तिने बाजूला केला.

सगळे खाली बसले. साहेब कारकुनाला म्हणाले, "ठराव एकमताने मंजूर."

"एकमताने नाही," आई म्हणाली.

हॉलभर माना वळल्या. साहेबांना ऐकू आलं नाही की कळलं नाही, कोण जाणे. "ताई, हा ठराव तुमच्याच मुलाच्या..."

"माझ्याच," आई म्हणाली. तिने हात वर केला, आणि या वेळी तो खाली घ्यायला कोणी सांगितलं नाही. "माझं नाव आहे ना वहीत? मग लिहा. एक मत विरुद्ध."

कारकुनाने साहेबांकडे बघितलं.  मग त्याने दौतीत टाक बुडवला आणि लिहिलं.